वारशातील शिवण : भावमूल्याचे सत्याशी नाते

घरातील एखादी वडीलधारी स्त्री निवर्तल्यानंतर तिच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची विभागणी होते, तेव्हा त्यांत एक लहानसा ढीग असा निघतो की, तो कोणी मागत नाही आणि कोणाला टाकूनही देववत नाही. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातील सुया आणि रिळे, झिजलेले अंगुस्तान, निकामी झालेल्या सदऱ्यांवरून उतरवून ठेवलेली बटणे, चिंध्यांचे एक गाठोडे, अर्धवट शिवलेले दुपटे आणि दोन-तीन गोधड्या. सोने, भांडी, जमीन यांची नोंद वाटणीपत्रात होते. यांची होत नाही. यांच्याविषयी बोलताना आपण ‘भावनिक मूल्य’ असा शब्दप्रयोग करतो, आणि तो करताना बहुधा असे सुचवीत असतो की, मूल्याचा खरा प्रांत येथे संपला. आता उरला तो मनाचा खेळ. या समजुतीची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. भावमूल्य हा वस्तूवर मनाने चढविलेला रंग नव्हे, तर तिच्या भूतकाळाविषयी केलेला एक दावा आहे, म्हणून ते खरे किंवा खोटे ठरू शकते, असे माझे म्हणणे आहे. शिवणाच्या वस्तू उदाहरणादाखल घेण्याचे कारण असे की, त्यांच्या बाबतीत हा दावा खोटा करण्याचा मोह फार मोठा असतो, आणि त्या खोटेपणाची किंमत ज्यांना मोजावी लागते त्या व्यक्ती आज बोलू शकत नाहीत.

मूल्याची ही दुय्यम प्रतिष्ठा जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला रोमन विधिज्ञ पॉलस याने नुकसानभरपाईसंबंधी असा दंडक सांगितला की, वस्तूची किंमत एखाद्याच्या जिव्हाळ्यावरून किंवा त्याच्या खासगी उपयोगावरून ठरवावयाची नसते, ती सर्वसामान्य व्यवहारात असेल तीच धरावयाची असते. आपल्याकडील धर्मशास्त्राने स्त्रीधनाचे प्रकार सांगताना प्रीतीने दिलेल्या धनाला स्वतंत्र स्थान दिले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील सहा प्रकारांत ते येते. परंतु तेथे प्रीती हे देण्याचे निमित्त आहे, मोजण्याचे माप नव्हे. आधुनिक कायदा या बाबतीत थोडा अधिक सावध आहे. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे आठवे कलम असे मानते की, काही परिस्थितीत पैशाची भरपाई पुरेशी ठरत नाही, आणि तेव्हा ती वस्तूच परत देण्यास ताबेदाराला भाग पाडता येते. म्हणजे कायद्याला भावमूल्य मोजता येत नसले, तरी ‘हीच वस्तू, दुसरी नव्हे’ हा आग्रह अर्थशून्य नाही एवढे तो मान्य करतो. हा आग्रह कशाचा आहे, हे मात्र तो सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे.

ते सांगण्यासाठी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी 1983 मधील एका निबंधात दाखवून दिले की, मूल्याविषयी आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करीत असतो. मूल्याचा उगम वस्तूत आहे की वस्तूबाहेर, हा एक प्रश्न. तिला आपण साधन म्हणून मोलाची मानतो की तिच्याचसाठी, हा दुसरा. उगम बाहेर असला म्हणजे मोल साधनापुरतेच असते, असा निष्कर्ष निघत नाही. पुढे 2009 मध्ये गाय फ्लेचर यांनी याच धर्तीवर भावमूल्याची मांडणी केली : वस्तूच्या संबंधांमुळे, म्हणजे ती कोणाची होती, कोणी दिली, कशाच्या सोबत होती यांमुळे, तिला तिच्याचसाठी जे मोल येते ते भावमूल्य. अंगुस्तानाचे उदाहरण घ्या. पितळेचा तो तुकडा आजीच्या आठवणीचे साधन म्हणून मी जपतो असे म्हटले, तर तेच काम एखादे छायाचित्र अधिक चांगले करील, आणि मग अंगुस्तान मोडीत घालावयास हरकत राहू नये. पण तशी हरकत राहते. आठवण जागी करणे हा त्याचा गुण असेल, त्याचे मोल मात्र त्या गुणात संपत नाही.

आता अशी कल्पना करू की, हे अंगुस्तान कपाट आवरताना शेजारणीच्या अंगुस्तानाशी बदलले गेले आणि दहा वर्षांनी ते उघडकीस आले. या दहा वर्षांत ते हाती घेऊन जे काही वाटले ते वाटलेच होते. त्यात उणे काही नव्हते. भावमूल्य म्हणजे निव्वळ भावना असती तर येथे काहीही बिघडले नसते. तरीही आपण म्हणतो, ‘हे ते नव्हे’. भावनेची खरी वस्तू दुसरीकडे होती, असे आपल्याला म्हणावेसे वाटते. मूल्य वस्तूच्या प्रत्यक्ष इतिहासाला बांधलेले आहे आणि भावना त्या इतिहासाला उत्तरदायी आहे, असे गृहीत धरल्यावाचून ‘चूक’ हा शब्द येथे वापरताच येणार नाही. बाजारमूल्याच्या बाबतीत हे बंधन इतके घट्ट नसते. सोन्याची बांगडी कोणाचीही असली तरी तिचे वजन तेच. ज्याला आपण अधिक ‘व्यक्तिनिष्ठ’ समजतो तेच मूल्य वस्तुस्थितीवर अधिक अवलंबून असावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

साहित्यसमीक्षेला हा मुद्दा परका नसावा. मराठी समीक्षेने भावविवशतेला दोष मानले, परंतु तो नेमका कशाचा दोष याविषयी ती बहुधा प्रमाणाची भाषा बोलत राहिली : भावना प्रसंगापेक्षा जास्त झाली. आय. ए. रिचर्ड्स यांनी 1929 च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये भावविवशतेचा विचार भावनिरोधाच्या जोडीने केला, ही त्यांची मोठी सूक्ष्मता, तरी अतिरेकाची कल्पना तेथेही केंद्राशी आहेच. माझ्या मते अतिरेक हा लक्षणाचा भाग झाला. भावविवश वाचकाला किंवा लेखकाला जास्त वाटते असे नाही. त्याला वाटत राहण्यासाठी काही गोष्टी माहीत करून घ्यावयाच्या नसतात. त्याची भावना अज्ञानाच्या आश्रयाने जगते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण तत्त्वज्ञानाच्याच घरातले आहे. कलाकृतीच्या उगमाविषयीच्या आपल्या निबंधात (1935-36) हायडेगर यांनी व्हॅन गॉगने रंगविलेल्या एका बूटजोडीचे वर्णन केले. ती शेतकरी स्त्रीची पादत्राणे आहेत असे धरून तिची शेते, तिचे मुके कष्ट, भाकरीची चिंता असे एक संपूर्ण जग त्यांनी त्या झिजलेल्या चामड्यातून उभे केले. 1968 मध्ये कलेतिहासकार मेयर शापिरो यांनी दाखवून देण्याचा प्रयत्न केला की, ते बूट बहुधा खुद्द चित्रकाराचेच, शहरात राहणाऱ्या माणसाचे होते. पुढे देरिदा यांनी दोघांच्याही मालकी ठरविण्याच्या घाईवर प्रश्नचिन्ह लावले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, शापिरोंचा आक्षेप वाचल्यानंतर हायडेगरांचे ते सुंदर परिच्छेद पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. एका स्त्रीच्या श्रमाविषयीची करुणा तेथे आहे, पण त्या स्त्रीचा ठावठिकाणा कोणी विचारलेला नाही.

शिवणाच्या बाबतीत असेच एक उदाहरण भारतीय विचारात सापडते, आणि ते अधिक हृद्य आहे. यंत्रविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केले. त्यांच्या कथनाप्रमाणे सिंगरने आपली पत्नी हाताने शिवता शिवता किती शिणते हे पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी हे यंत्र तयार केले. वस्तुस्थिती वेगळी होती. आयझॅक सिंगर हा भटक्या नट आणि धडपड्या यंत्रज्ञ होता. 1850 मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या सदोष यंत्रात त्याने सुधारणा केली, 1851 मध्ये पेटंट मिळविले आणि आधीचा पेटंटधारक इलायस हाव याच्याशी त्याचा दीर्घ कज्जा चालला. त्याचे एकाहून अधिक संसार एकाच वेळी चालू होते, ही गोष्ट त्याच्या हयातीतच उजेडात आली. गांधीजींचा मूळ निकष यामुळे बाद होत नाही. यंत्र माणसाचा शीण वाचविते की माणसालाच बाजूला सारते, हा प्रश्न आजही तितकाच सार्थ आहे. परंतु त्या निकषाला आधार म्हणून एका पतीच्या प्रेमाची कथा घ्यावीशी वाटावी, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. शिवणाऱ्या स्त्रीच्या थकव्याची दखल घ्यावयाची तर तीही कोणाच्या तरी प्रेमकथेचा तपशील म्हणूनच, अशी आपल्याला सवय आहे.

आज कित्येक घरांत पायाने चालवावयाची जुनी मशीन दिवाणखान्यात ठेवलेली आढळते. तिच्यावर फुलदाणी असते. ‘आजीची आठवण’ असे तिच्याविषयी सांगितले जाते, आणि त्या मशीनवर आजीने चोळ्या शिवून मुलांच्या शाळेची फी भरली, कारण आजोबांची कमाई घरी पोहोचत नव्हती, हे सांगितले जात नाही. स्त्रियांच्या शिक्षणसंस्थांनी, उदाहरणार्थ 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, शिवणकाम शिकविले ते केवळ गृहिणीचा अलंकार म्हणून नव्हे. विधवेला किंवा टाकलेल्या स्त्रीला घरात राहूनच चार पैसे मिळविता यावेत हा हिशेब त्यामागे होता. असे असता मशीन ही ‘मायेची’ वस्तू म्हणून जपणे म्हणजे तिच्या हिशेबाची वही फाडून केवळ पुठ्ठा जपणे होय.

गोधडीच्या बाबतीत हे अधिकच अवघड होते, कारण तेथे साधन आणि सामग्री दोन्ही वारशाचीच असतात. खाली-वर एखादे नऊवारी लुगडे, आत धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे थर. कडेपासून मध्याकडे सरकत जाणारा धावदोरा. विरलेल्या जागी ठिगळ. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. नवे कापड तिच्यात बहुधा नसतेच. माणसे गेल्यानंतर त्यांच्या वस्त्रांचे काय करावयाचे, या प्रश्नाचे ते एक उत्तर असते. ‘मायेची ऊब’ हा तिच्यासंबंधीचा शब्दप्रयोग आता इतका गुळगुळीत झाला आहे की, तो भेटकार्डावरही चालतो. त्यात खोटे काय आहे? ऊब खोटी नाही. मायाही नसेल असे नाही. परंतु हिवाळ्याच्या तोंडी दुपारची कामे उरकल्यावर वाकून टाके घालणारी स्त्री मुख्यतः एका टंचाईशी लढत होती. विकतचे अंथरूण-पांघरूण परवडत नव्हते म्हणून गोधडी होती. टंचाई वगळून माया तेवढी उचलली की, त्या स्त्रीचे कौशल्यही वगळले जाते, कारण ते कौशल्य टंचाईनेच घडविले होते. कोणता कपडा अजून दोन वर्षे तग धरील, कोणता आतल्या थरालाच योग्य आहे, हे बोटांनी ओळखण्याचे ज्ञान तिच्यापाशी होते. त्याला ज्ञान म्हणण्याची आपली तयारी नसते, म्हणून आपण त्याला माया म्हणतो.

परंतु मला याहून गंभीर वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. मृताचे वस्त्र जिवंताच्या अंगावर यावे, ही गोधडीमागील मूळ क्रिया आहे. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे नातवंडाला करतात, आणि ती आशीर्वादासारखी गोष्ट मानली जाते. त्याच क्रियेचा दुसरा चेहरा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे : चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे तेथे विहित केले आहे. क्रिया तीच, एका घरात ती जिव्हाळा आणि दुसऱ्याच्या माथी ती कलंक. तिसरा चेहरा बौद्ध विनयातील आहे. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्या. त्या जोडून भिक्खूने चीवर करावे. मगधातील भातखाचरांच्या बांधांसारखी त्याची रचना आनंदाने केली, असे विनयपिटकात आले आहे. कापडाचे तुकडे करून ते जोडण्यात तेथे एक हेतू असा की, वस्त्राचे बाजारातील मोल नष्ट व्हावे आणि त्यासोबत त्याची आसक्तीही. म्हणजे ठिगळ जोडण्याची एकच कला : गृहिणी नाते टिकविण्यासाठी वापरते, भिक्खू नाते सोडण्यासाठी, आणि ज्याच्यावर ती लादली जाते त्याला टिकविणे-सोडणे या दोहोंचाही अधिकार नसतो.

यावरून असे दिसते की, मृताच्या वस्त्राचे भावमूल्य त्या वस्त्रात नाही, आणि ‘मृताशी संबंध’ एवढ्याच गोष्टीतही नाही. तो संबंध कोणत्या अटींवर जुळला, त्यात नकार देण्याची मोकळीक होती की नव्हती, यावर ते अवलंबून आहे. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना लुगडी नेसण्याची आपली जुनी पद्धत बदलण्यास सांगितले, कारण ती पद्धत अस्पृश्यतेची खूण बनली होती. तीही आई-आजींकडून आलेलीच पद्धत होती. वारसा म्हणून तिला जपावे, असे म्हणण्याचा अधिकार त्या स्त्रियांवाचून इतर कोणाला होता काय? वारशाच्या वस्तूंविषयी आपण जी आदराची भाषा सहज वापरतो, ती कोणत्या घरांत उगवली आहे हे येथे कळून येते. जुने टाकण्याचा हक्क हा ज्यांना एकेकाळी मिळविण्याचा विषय होता, त्यांच्यापुढे जपण्याची महती सांगणे अशोभनीय आहे. शहरातील प्रदर्शनांत गोधडी आता ‘हस्तकला’ म्हणून विकली जाते आणि ती शिवणाऱ्या स्त्रियांना मजुरी मिळते. यात वावगे काही नाही, उलट वाटणीपत्रात न आलेले श्रम निदान पावतीवर तरी येतात. मात्र ती विकत घेणाऱ्याने तिला आजीचा वारसा म्हणू नये.

वारसदाराचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न उरतो. ॲलिस वॉकर यांच्या 1973 मधील ‘एव्हरीडे यूझ’ या कथेत तो पेच थेट मांडला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील एका कृष्णवर्णीय कुटुंबात आजीने जुळविलेल्या आणि पुढच्या पिढीने शिवून पुऱ्या केलेल्या दोन गोधड्या आहेत. त्यांत आजीच्या पोशाखांचे तुकडे आहेत, आणि एक बारीक तुकडा यादवी युद्धात लढलेल्या पणजोबांच्या गणवेशाचा आहे. शिकून शहरात गेलेली थोरली मुलगी डी त्या भिंतीवर लावण्यासाठी मागते. धाकटी मॅगी त्या पांघरून झिजवील अशी तिला भीती वाटते. आई अखेर त्या मॅगीलाच देते. कथा शिकविताना वर्गातील सहानुभूती मॅगीकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु डीला ‘अडाणी’ ठरवून हा प्रश्न सुटत नाही. कोणते तुकडे कोठून आले आणि ते हाताने शिवले आहेत, हे तिला माहीत आहे. इतिहासाचे भान हाच जर निकष, आणि आतापर्यंत या लेखाने तोच मांडला, तर डीचा दावा सहज फेटाळता येणार नाही. शिवाय ती आपल्याला भेटते ती आईच्या निवेदनातून. तिची बाजू तिच्या तोंडून आलेली नाही.

येथे मराठी भाषा मदतीला येते. आपण म्हणतो, ‘तिला गोधडीविषयी माहिती आहे’ आणि ‘तिला गोधडी येते’. माहिती असते, विद्या येते. डीला गोधडी माहीत आहे, मॅगीला ती येते. आजीने आणि मावशीने तिला शिवावयास शिकविले आहे. म्हणूनच त्या गोधड्या बहिणीला देऊन टाकण्याची तयारी मॅगी दाखविते : आजीची आठवण ठेवण्यासाठी तिला त्यांची गरज नाही. जिला वस्तू येते तिला वस्तू सोडता येते. डीची मागणी खोटी नव्हे, पण तिच्यापाशी असलेल्या सत्याला दुसरा आधार नाही. गोधडी गेली की तिच्यापाशी काहीच उरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची गत डीसारखी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याला गोधडी येत नाही. तेव्हा झिजू देण्याचे औदार्य मॅगीकडून उसने घेऊन आपण ते मिरवू नये. ज्याला येत नाही त्याने निदान जपावे, आणि जपताना जी नोंद झालेली नाही ती करावी : कोणाचे लुगडे, कोणत्या वर्षीचा दुष्काळ, किती दिवस लागले, मजुरी दिली की नाही. घरातील जुन्या माणसांना हे विचारले म्हणजे पुष्कळदा अवघडलेपणा येतो. तो येऊ द्यावा.

आरंभी उल्लेखिलेल्या ढिगातील अर्धवट दुपट्याचे काय करावे? ते तसेच ठेवता येते, किंवा शिंप्याकडून मशीनवर पुरे करून घेता येते, किंवा आपल्या अडाणी हातांनी जमेल तसे पुरे करता येते. मला तिसरा मार्ग बरा वाटतो. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेत असे तत्त्व आहे की, नव्याने भरलेला भाग मूळ भागाशी सुसंगत असावा, पण त्यापासून वेगळा ओळखूही यावा, म्हणजे पुरावा खोटा होणार नाही. दुपट्याला ते सहज लागू पडते, कारण आपले टाके तिच्या टाक्यांसारखे येणारच नाहीत. एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. तिने शेवटचा टाका घालून कापडातच टोचून ठेवलेली सुई आता गंजली आहे आणि तिचा डाग पसरू लागला आहे. ती आधी काढावी लागेल, आणि ती काढली की ती कोठे थांबली होती याची खूण जाईल. त्या जागी दुसऱ्या रंगाचा एक टाका घालून ठेवता येईल.